दिवा आधी समजून घे, मग कर

तुझं बार्शी लाईट रेल्वेचं मॉडेल मी नीट पाहिलं. रूळ चांगले बसवलेस, इंजिनावर मेहनत घेतलीस, स्टेशनच्या भिंतीचा दगडही डोळ्यांना पटतो. दिवे मात्र साफ चुकलेत. थोडेथोडके नाही, मुळापासून चुकलेत. हात कच्चा म्हणून हे झालं असतं, तर मी शेजारी बसून पुन्हा करून दाखवलं असतं. पण तुझा हात कच्चा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू अभ्यास टाळलास. ज्याला येतं आणि तरी जो टाळतो, त्याला चार शब्द सुनावणं हे माझं काम आहे आणि ते मी आज करणार आहे. वही उघड.

मॉडेलच्या पुढच्या फळीवर तू ठळक अक्षरांत लिहिलं आहेस: ‘कुर्डुवाडी–पंढरपूर, 1935’. हा बघायला येणाऱ्याला तू दिलेला शब्द आहे. नुसतं ‘एक जुनं स्टेशन’ म्हटलं असतंस, तर मी निम्मं बोलणं आवरलं असतं. तू जागा सांगितलीस, साल सांगितलंस, मग त्या जागेशी आणि सालाशी बांधील राहायला नको? खेड्यातल्या फलाटावर तू तीन-तीन गोळ्यांचे नक्षीदार खांब रोवलेस. तयार पाकिटात मिळतात तसे, सगळे एका साच्यातले. स्टेशनमास्तरच्या खोलीत ट्यूबलाईट लावलीस. बटण दाबलंस आणि अख्खं स्टेशन निळसर पांढऱ्या उजेडात उजळून निघालं. लोकांनी वाहवा केली, तू खूश झालास. बघणाऱ्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते फसले. तुला माहीत असायला हवं होतं.

या रेल्वेचा इतिहास तुला येत नाही असंही नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने ही लाईन का बांधली, कशी बांधली, हे तू मला घडाघडा सांगितलंस. अडीच फुटी गेज, एका आसावर पाच टनांचा भार, यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी. 1906 साली पंढरपूर, 1911 साली लातूर, 1927 साली मिरज. सगळं बरोबर. मग ही माहिती दिव्यापाशी येऊन का अडली? कमी खर्चात, हलक्या रुळावर, गरजेपुरतंच बांधायचं हे ज्या रेल्वेचं मूळ धोरण, तिनं आडगावच्या फलाटावर ओतीव लोखंडाचे नक्षीखांब उभारले असतील, असं तुझ्या मनाला पटलं कसं? इतिहास पाठ करायचा आणि काम करताना तो गुंडाळून ठेवायचा, याला अभ्यास म्हणत नाहीत.

आता मूळ गोष्ट लिहून घे. जुना दिवा करायला बसलास की पहिला प्रश्न ‘तो दिसायचा कसा’ हा नाही. पहिला प्रश्न ‘तो जळायचा कशावर’ हा आहे. इंधन कळलं की आकार कळतो, जागा कळते, रंग कळतो, दिव्याखाली किती अंधार होता तेही कळतं. इंधन माहीत नसेल, तर तू केवळ दिव्याच्या आकाराचं खेळणं करतोस.

रॉकेलचा दिवा घे. त्याला टाकी लागते, आणि ती ज्योतीच्या खाली असते. वात वर-खाली करायला चावी लागते. ज्योतीला खालून हवा लागते आणि तापलेला धूर वरून बाहेर जावा लागतो. म्हणून फलाटावरच्या रॉकेलच्या दिव्याला काचेची पेटी असते, पेटीला धुरासाठी झाकणदार धुरांडं असतं, आणि एका बाजूला उघडणारं दार असतं. कारण आतला दिवा रोज बाहेर काढून पुसायचा असतो, भरायचा असतो, वात कापायची असते. यातला एकही भाग शोभेचा नाही. तुझ्या खांबांकडे बघून सांग, रॉकेल कुठे भरायचं? धूर कुठून जायचा? बत्तीवाल्यानं हात कुठून घालायचा?

कोळशाच्या गॅसचा दिवा निराळा. त्याला टाकी नाही, पण खांब पोकळ हवा, कारण नळी त्यातूनच वर येते. खांबाला वरच्या अंगाला आडवा दांडा असतो, शिडी टेकवायला. आणि गॅस येणार कुठून? जिथं गॅसचा कारखाना आहे, जमिनीखालून नळ टाकलेले आहेत, तिथंच. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 साली गॅसचे दिवे लागले, ते तिथं कारखाना उभा राहिला म्हणून. भीमेकाठच्या माळरानावर तसा नळ कोणी नेला नव्हता.

विजेचा दिवा त्याहून निराळा. त्याला ना टाकी, ना धूर. म्हणून तो उलटा टांगता येतो. दिवा खाली तोंड करून आणि वर पांढऱ्या एनॅमलची पसरट टोपी. रॉकेलच्या ज्योतीला खाली तोंड करता येत नाही, ती वरच जाणार. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीस, तरी जुन्या फोटोतला दिवा विजेचा की रॉकेलचा, हे लांबूनच ओळखशील. आणि विजेचा दिवा म्हटला की तारा आल्या, तारांचे खांब आले, चिनीमातीचे इन्सुलेटर आले. तुझ्या मॉडेलमध्ये दिवे विजेचे आहेत आणि एकही तार कुठून येताना दिसत नाही. म्हणजे रॉकेलच्या हिशेबानंही चूक, विजेच्या हिशेबानंही चूक.

आता साल तपास. व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला धावली. 1930 साली डेक्कन क्वीन सुरू झाली, तोवर पुण्यापर्यंत विजेची गाडी पोचली होती. ‘मग 1935 ला वीज होतीच की,’ असं तू मला म्हणालास. होती. इंजिनासाठी होती, मुंबई-पुण्याच्या मार्गावर होती. म्हणून ती दीडशे किलोमीटरहून पलीकडच्या नॅरोगेजच्या खेड्यात फलाटावर आली, असा अर्थ होत नाही. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं 1960 साली, आणि राज्यातल्या बहुतेक खेड्यांनी वीज पाहिली ती त्यानंतर. ट्यूबलाईट तर 1938 साली अमेरिकेत बाजारात आली. तू ती 1935 साली, कुर्डुवाडीच्या पुढच्या खेड्यात, स्टेशनमास्तरच्या टेबलावर लावलीस. ही किरकोळ चूक नाही. एका क्षणात सगळ्या मॉडेलवरचा विश्वास उडवणारी चूक आहे.

त्या टेबलावर काय हवं होतं? काचेचा टेबलदिवा किंवा साधा कंदील. त्या काळात कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत काचेचा कारखाना होता आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी ओळखीचा होता. आपल्याच मुलखात बनलेली, त्याच काळाची वस्तू समोर असताना तू परदेशी पाकीट फोडलंस. याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता मापाकडे ये. तू 1:87 च्या प्रमाणात काम करतोस. अडीच फुटांचं गेज म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 नं भागलं की 8.76 येतं, आणि तू वापरलेला रूळ 9 मिलिमीटरचा आहे. हा पाव मिलिमीटरचा फरक तुला इतका बोचत होता की तू माझ्याशी अर्धा तास वाद घातलास. वाद घातलास ते मला आवडलं. मग दिव्याच्या खांबाला तू पट्टी का लावली नाहीस? तुझा खांब 3 मिलिमीटर जाड आहे. 87 नं गुण. 261 मिलिमीटर, म्हणजे दहा इंच. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या मांडीहून जाड खांब, आणि वर एक रॉकेलचा दिवा! दिव्यासाठी वापरलेला एलईडी 5 मिलिमीटरचा आहे. त्याला 87 नं गुणलं की 435 येतात. म्हणजे दीड फूट व्यासाची ज्योत. खरी वात एक इंचाची धर, ती तुझ्या प्रमाणात मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होते.

रेल्वेनं जुने रूळ कधी फुकट घालवले नाहीत. कुंपणाला, पाटीला, दिव्याला, जिथं खांब लागेल तिथं जुना रूळ उभा केला. तीस पौंडी रुळाची उंची साधारण 80 मिलिमीटर. तुझ्या प्रमाणात ती 1 मिलिमीटरच्या थोडी आत येते. बाजारात कोड 40 नावाचा बारीक रूळ मिळतो, त्याची उंची 1 मिलिमीटर. तोच तुकडा कापून उभा कर, तुला खांब मिळाला. उंचीचा अंदाज घ्यायला माणूस वापर. साडेपाच फुटांचा माणूस तुझ्या मॉडेलवर 19 मिलिमीटरचा उभा राहील. दहा फुटांवरचा दिवा 35 मिलिमीटरवर येईल. तुझे खांब 60 मिलिमीटरचे आहेत, म्हणजे सतरा फुटांहून उंच. रोज संध्याकाळी रॉकेलची बरणी घेऊन एवढ्या उंचीवर कोण चढणार होतं?

रंगाचं तर बोलायलाच नको, पण बोलावं लागणार. तू घेतलेल्या एलईडीच्या पाकिटावर ‘कूल व्हाइट’ लिहिलं होतं. तो उजेड 6000 केल्विनच्या पुढचा, निळसर. रॉकेलची ज्योत 2000 केल्विनच्या आसपास, पिवळी-नारिंगी. वॉर्म व्हाइट घेतलास तरी तो 2700 चा असतो, म्हणजे अजून पांढरटच. म्हणून वॉर्म व्हाइट एलईडी घ्यायचा, त्यावर पारदर्शक नारिंगी रंगाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, अंधारात तपासायचा, लागला तर दुसरा हात द्यायचा. गॅसबत्तीचा, म्हणजे रॉकेलवरच दाबानं जळणाऱ्या मँटलच्या बत्तीचा, उजेड याहून वेगळा. तिच्यात मँटल तापून पांढरं झगझगतं, किंचित हिरवट छटा असते. म्हणजे रॉकेलचा कंदील आणि गॅसबत्ती एकाच रंगाची दाखवलीस तर पुन्हा चुकशील. कुर्डुवाडीच्या जंक्शनवर मँटलची बत्ती असू शकते. ती दाखवायची असेल, तर पुरावा शोध आणि मग दाखव. पण जंक्शन आणि खेडं यांना एकसारखं उजळून टाकू नकोस. जंक्शनवरून गाडी निघाली की मागे उजेड आणि पुढे अंधार, हा त्या प्रवासातला खरा फरक आहे. तू तो पुसून टाकलास.

आणि लुकलुकणारे एलईडी लावण्याचा विचार मनातून काढून टाक. तू तसं म्हणालास तेव्हाच मी तुला थांबवायला हवं होतं, पण तेवढा वेळ तू दिला नाहीस. काचेच्या आतली, नीट कापलेल्या वातीची ज्योत फडफडत नाही. ज्योत फडफडली तर काच काजळते, आणि काच काजळली तर बत्तीवाल्याला बोलणी बसतात. स्थिर ज्योत हीच चांगल्या दिव्याची खूण आहे. तिला जत्रेतल्या रोषणाईसारखं नाचवणं हा त्या माणसाच्या कामाचा अपमान आहे.

उजेड किती हवा, याचं उत्तर तुला आवडणार नाही. फार थोडा. रॉकेल विकत आणावं लागे, दिवा भरायला आणि पेटवायला माणूस लागे, म्हणून दिवे गरजेपुरतेच. तिकिटाच्या खिडकीशी एक, नावाच्या पाटीपाशी एक, फलाटाच्या मधोमध एखादा. दोन दिव्यांच्या मध्ये अंधार असणारच. उतारूनं त्या अंधारातून चालत यायचं, पुढच्या दिव्याखाली तोंड दिसायचं. तू अंधाराला घाबरलास. आपण एवढं काम केलं आणि ते दिसलंच नाही तर, ही भीती. पण रात्रीचं स्टेशन दाखवायचं ठरवलंस तर अंधार हाही करायचाच भाग आहे. तो रंगासारखाच विचार करून ठेवावा लागतो.

सिग्नलकडे वळूया, कारण तिथं तुझी चूक मला सगळ्यात जास्त खटकली. डाव्या टोकाला तू जीआयपीच्या, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, ब्रॉडगेजचा हाताचा सिग्नल उभा केला आहेस. हात छान केलास, तारही ओढलीस. पण रात्री तो हात दिसत नाही, दिसतो फक्त दिवा. हाताच्या मुळाशी चष्म्यासारखी चौकट असते, तिच्यात रंगीत काचा असतात, आणि हात हलला की काच दिव्यासमोर येते. दिवा एकच आणि तो रॉकेलचा. आता ऐक. ज्योत पिवळी असल्यामुळे हिरव्या खुणेसाठीची काच नुसती हिरवी घेत नसत. ती निळसर असे. पिवळा उजेड निळसर काचेतून आला की ड्रायव्हरला लांबून स्वच्छ हिरवा दिसे. तू जुन्या सिग्नलचा फोटो पाहिलास, काच निळसर दिसली, तशीच निळसर काच बसवलीस; इथपर्यंत ठीक. आणि तिच्यामागे निळसर पांढरा एलईडी ठेवलास. परिणाम काय झाला? तुझा सिग्नल निळा लागला. निळ्या दिव्यावर गाडी कोणत्या नियमानं सोडायची? वस्तू बघितलीस, ती तशी का आहे हे विचारलं नाहीस, त्याचं हे फळ. मागे पिवळा-नारिंगी उजेड ठेव. काच आपोआप हिरवी होईल.

गाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा नाही. तोही दिवाच आहे, आणि शोभेचा तर मुळीच नाही. गाडी स्टेशनातून पुढे जाताना स्टेशनमास्तर तो लाल दिवा बघतो, कारण तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्येच डबे सुटून मागे राहिले नाहीत. तो दिसल्याशिवाय मागच्या स्टेशनाला लाईन मोकळी झाल्याचं कळवता येत नाही. तुझी गाडी त्या दिव्याविना रात्रभर गोल फिरत होती. गार्डच्या हातातही काही नाही. त्याच्याकडे तीन रंगांची हातबत्ती असते, आतली काच फिरवून लाल, हिरवा किंवा पांढरा उजेड दाखवायची. दिवसा झेंडा, रात्री बत्ती. हातात काहीच नसलेला गार्ड रात्रीच्या गाडीवर उभा करू नकोस.

आता काम कसं करायचं ते सांगते, कारण नुसतं बोलून माझं कर्तव्य पुरं होत नाही.

एलईडी 0402 आकाराचा घे. तो 1 मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. तुझ्या प्रमाणात एक फुटी कंदील साडेतीन मिलिमीटरचा होतो, त्याच्या काचेत हाच मावेल. फलाटाच्या पेटीत 0603 चालेल. तार मोटार वाइंडिंगवाल्याकडे मिळते ती, एनॅमल चढवलेली, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची. टोकावरचं एनॅमल तापलेल्या सोल्डरच्या थेंबात जाळ, मगच जोड; न जाळता जोडलीस तर सोल्डर चिकटल्यासारखं दिसेल आणि दिवा लागणार नाही. एक तार खांबाला जोड, म्हणजे खांबच परतीची वाट होईल आणि खाली एकच तार लपवावी लागेल. ती तार रुळाच्या खोबणीत चिकटवून त्यावर रंग दिलास की दिसणार नाही.

पेटीच्या चार बाजू पातळ पितळी पत्र्यातून काप. वर रुंद, खाली अरुंद. मोजमाप खऱ्या दिव्यावरून घे. समज, दिवा वरच्या बाजूला चौदा इंच आणि तळाशी आठ इंच आहे, तर तुझ्या पेटीची वरची कड 4.1 मिलिमीटर आणि खालची 2.3 मिलिमीटर होईल. काचेसाठी पातळ पारदर्शक फिल्म. धुरांड्यासाठी पितळी नळीचा कापलेला तुकडा, त्यावर गोल टिकली. पेटीच्या आत वरच्या भागात काळ्या रंगाचा अगदी पातळ हात, कारण खऱ्या दिव्यात काजळी तिथंच धरते. आणि सगळ्या पेट्या एकसारख्या करू नकोस. एकाची काच अलीकडे बदललेली असेल, एकाचं दार जरा वाकलं असेल. पण हा फरक मोडतोड म्हणून करू नकोस, वापरानं येतो तेवढाच कर.

वीज द्यायची ती रुळांवरून घेऊ नकोस. तू तशी घेतलीस, म्हणून गाडीचा वेग वाढला की फलाटाचे दिवे उजळतात आणि गाडी थांबली की स्टेशन अंधारात बुडतं. गाडी स्टेशनात उभी असते तेव्हाच तर दिव्यांची गरज असते! दिव्यांना स्वतंत्र 12 व्होल्टचा पुरवठा दे. प्रत्येक एलईडीला 10 किलोओहमचा रेझिस्टर लाव. एलईडी स्वतः साधारण 3 व्होल्ट घेतो, उरलेल्या 9 व्होल्टवर एक मिलिअँपियरहूनही थोडा कमी प्रवाह जाईल, आणि रॉकेलच्या दिव्याला तो भरपूर आहे. तू 470 ओहमचा रेझिस्टर लावून जवळपास 20 मिलिअँपियर सोडलेस, म्हणून फलाटावर दुपार झाली. स्टेशनच्या भिंतींना आतून काळा रंग दे; तुझ्या दगडी भिंतीतून उजेड आरपार दिसतोय. प्रत्येक खांबाखाली बारीक नळीची खोबण ठेव, म्हणजे दिवा बिघडला तर फलाट न फोडता काढता येईल. आणि बसवण्याआधी प्रत्येक दिवा रात्रभर चालू ठेवून तपास.

पुरावा कुठून आणायचा, हे तू मला विचारलंच नाहीस. पुण्यात जुन्या बाजारात रेल्वेचे जुने दिवे अजून हाताला लागतात. विकत घेता आला नाही तरी हातात घे, व्हर्नियर लाव, टाकी किती खोल, दार कोणत्या बाजूला, सगळं वहीत उतरव. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जा. कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जा, आणि लहान प्रमाणातला उजेड कसा सांभाळतात ते बघ. जुने फोटो बघशील तेव्हा सावध राहा. त्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग नीट उमटत नसे. लाल वस्तू काळी दिसे. म्हणून फोटोवरून आकार घे, जागा घे, उंची घे, पण रंग घेऊ नकोस. आणि ज्यांचे वडील, आजोबा या लाईनवर कामाला होते अशी माणसं सोलापूर जिल्ह्यात आजही आहेत. त्यांच्याकडे जाऊन बस. दिवा कोण पेटवायचं, किती वाजता, पावसात काय करायचे, हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं.

हे सगळं का करायचं, असा प्रश्न तुझ्या चेहऱ्यावर दिसतोय. बघणारा एवढं कुठं बघतो, असंच ना? उत्तर ऐक. बार्शी लाईटचं अडीच फुटी गेज आता राहिलं नाही. सगळी लाईन ब्रॉडगेज झाली. त्या छोट्या गाडीतून पंढरीला गेलेले वारकरी थकले, पुष्कळसे गेले. आज जे मूल तुझ्या मॉडेलसमोर उभं राहील, ते मूळ स्टेशन कधीही बघणार नाही. तू दाखवशील तेच त्याच्यासाठी 1935 होणार. तू झगझगीत उजेड दाखवलास, तर त्याला कधीच कळणार नाही की त्याच्या पणजोबांनी स्टेशनवर कंदिलाच्या उजेडात तिकीट काढलं, आणि बत्तीवाला नावाचा एक माणूस रोज अंधार पडायच्या आत शिडी घेऊन फिरत होता. मॉडेल ही साक्ष असते. खोटी साक्ष देऊ नये, ती लहान मुलांपुढे तर मुळीच देऊ नये.

तेव्हा सगळे खांब काढ. ट्यूबलाईट काढ. सिग्नलमागचा एलईडी बदल. गाडीच्या शेवटाला लाल दिवा लाव. मग एकच दिवा कर, तिकिटाच्या खिडकीजवळचा. त्याच्या टाकीपासून धुरांड्यापर्यंत प्रत्येक भाग कशासाठी आहे हे मला तोंडी सांगता आलं पाहिजे. तो बरोबर झाला की दुसरा. घाई नको, पळवाट तर नकोच. तुझ्यात हे करायची कुवत आहे, म्हणूनच एवढं बोलले. पहिला दिवा घेऊन माझ्याकडे ये; तो खरा झाल्याशिवाय हे मॉडेल मी प्रदर्शनात मांडू देणार नाही.